ओठांत टाचण्या

माझ्या भावाला चोर म्हणाले. काय चोरलं, तर आमच्याच आईचा आवाज! आहे की नाही कमाल? मला हे कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली आणि अजून पुरती खाली उतरलेली नाही. म्हणून आधीच सांगते, मी हे शांतपणे सांगणार नाही. ज्याला शांतपणे ऐकायचं असेल त्यानं माझ्या भावाची गाणी ऐकावीत.

मी छापखान्यात बाइंडिंग खात्यात काम करते. त्याच जागी आधी बाबा होते. ते गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि भाऊ बारा वर्षांचा. कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं आणि तेराव्या दिवसानंतर बाबांच्याच टेबलाशी उभी राहिले. आमच्या खात्यात एका बाजूला कागद कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला घडी घालायचं, त्यामुळे शेजारच्या बाईला कात्री मागायची तरी बोंब मारावी लागते. तीच सवय घरी आली. मी साधं ‘पाणी दे’ म्हटलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं घरात भांडण लागलंय. निम्म्या वेळा लागलेलंही असायचं.

दिवसभर असं कान किटून घरी यावं तर घरात दोन यंत्रं आणखी. एक आईचं पायाचं शिलाई मशीन, आणि दुसरा माझा भाऊ.

भावाला सगळे ठोक्या म्हणतात. हातात येईल ते ठोकायचा. ताट, डबा, टेबल, झोपलेल्या माणसाची पाठ. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या की तुमचा मुलगा बाक वाजवतो. आई ती चिठ्ठी वाचायची आणि घडी करून मशीनच्या खणात ठेवायची, रागवायची नाही. रागवायचं खातं माझ्याकडे होतं.

अठराव्या वर्षी एका बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतून त्यानं एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला. त्यावर गाणी बनवायचा म्हणे. न गाता, न वाजवता, नुसतं स्क्रीनवर चौकोन सरकवून. मी म्हटलं, ‘हे कसलं डोंबलाचं संगीत?’ तो हसला. त्याच्या हेडफोनचा डावा कान मेलेला होता. नवा घ्यायचा त्याला सुचलंच नाही. एका कानानं ऐकून त्यानं वर्षभर गाणी केली आणि एका कॉलेजच्या कार्यक्रमात ती वाजवायला गेला. मी आणि आई मागे उभ्या होतो. गाणं सुरू झालं आणि हॉलमधली उजवीकडची पोरं उड्या मारायला लागली. डावीकडची आपली ढिम्म, एकमेकांची तोंडं बघतायत. कारण ह्या शहाण्यानं सगळा ठेका त्याला ऐकू येणाऱ्याच बाजूला भरला होता! अर्धा हॉल नाचतोय आणि अर्धा हॉल बसची वाट बघितल्यासारखा उभा. आई इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मी मात्र हसले नाही. पुढच्या महिन्यात मी त्याला चांगले हेडफोन आणून दिले आणि ते देतानाही चार शब्द सुनावले.

पुढची सात-आठ वर्षं त्यानं मिळेल ते केलं. व्यायामशाळेसाठी धडधड, रंगाच्या जाहिरातीसाठी टिंगटिंग, एका हॉटेलच्या लिफ्टसाठी काहीतरी गुळमुळीत. सगळं इतरांसारखंच. ते ऐकून कोणी शिव्या दिल्या नसत्या आणि कोणी नाव विचारलं नसतं. त्याचं त्यालाही ते ठाऊक होतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यानं एक खोली घेतली होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, आणि तिथे बसून तो दिवसेंदिवस एकच ठेका खालीवर करायचा. मी म्हणायचे, ‘अरे, एवढ्यात माणूस घर बांधतो.’

मग एके दिवशी त्यानं मुठीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं आणि आईच्या मशीनपाशी बसला. मशीनच्या पायपट्टीचा आवाज घेऊन त्यानं त्याचा ठेका केला. आता ह्या कामात कॉम्प्युटर काय करतो, तर प्रत्येक ठोका मोजलेल्या रेघेवर नेऊन बसवतो. सगळे तसंच करतात. आमच्या ठोक्यानं ते केलं नाही. आई उशीचा अभ्रा शिवत होती. कोपरा आला की ती पाय सैल सोडायची, कापड वळवायची, परत पाय मारायची. अभ्र्याला चार कोपरे, म्हणून त्या गाण्यात ठेका चार वेळा मंदावतो आणि पुन्हा धावतो. ते गाणं त्याच्या धंद्यातल्या लोकांना वेड लावून गेलं. कोणीतरी लिहिलं की हा ठेका श्वास घेतो. श्वास कसला डोंबलाचा, अभ्रा होता तो! पण खरं सांगते, पहिल्यांदा मला त्याचं गाणं त्याचं वाटलं. मी त्याला तसं बोलले नाही.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये आईचं गुणगुणणं होतं. आई काम करताना ओठांत टाचण्या धरायची, त्यामुळे तोंड मिटलेलं. मिटल्या तोंडानं तीन-चार सूर, वर जाऊन खाली येणारे, शब्द नाहीत. हेही त्यानं कापून वेगळं ठेवलं आणि दोन गाण्यांत घातलं.

आणि मग त्यानं घोडचूक केली. एका कंपनीनं त्याला सांगितलं, आवाजांचा संच बनवून दे. म्हणजे दोनशे सुटे आवाज. कोणीही विकत घ्यावेत, आपल्या गाण्यात वाटेल तसे वापरावेत, कोणाला विचारायचं नाही, नाव द्यायचं नाही. ह्या धंद्यात सर्रास करतात असं. ह्यानं डबे, दारं, पायपट्ट्या सगळं गोळा केलं आणि मोजलं तर एकशे नव्याण्णव भरले. एक कमी. मग काय, शेवटच्या दिवशी पठ्ठ्यानं आईचं गुणगुणणं दोनशेवं म्हणून टाकून दिलं! आईला सांगितलं तर ती म्हणे, ‘जाऊ दे की रे, माझ्या गळ्याला काय सोनं लागलंय?’ मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर दोघांना फटकावलं असतं.

पुढच्या वर्षी आई गेली. चार महिन्यांच्या आजारपणात गेली.

त्यानंतर ठोक्याचं संगीत बदललं. आधी त्यानं ठेका कमी केला, मग आणखी कमी केला. महिनाभर खपून बनवलेलं तो पुढच्या महिन्यात काढून टाकायचा. नऊ तुकड्यांचा एक अल्बम करायला त्याला सहा वर्षं लागली. शेवटच्या तुकड्यात जवळजवळ काहीच नाही. मशीन थांबतं, आणि आईचं गुणगुणणं येतं, जसंच्या तसं, काही न चढवता. मी, जिला शांतता म्हणजे काय हे सेवानिवृत्तीनंतरच कळणार, मी ते जिन्यात बसून तीन वेळा ऐकलं.

अल्बम इंटरनेटवर आला आणि अकराव्या दिवशी कंपनीनं तो खाली उतरवला. आवाजांच्या संचवाली कंपनी वेगळी, ही गाणी लोकांपर्यंत पोचवणारी. ह्यांच्याकडे एक यंत्र असतं, ते सगळ्या गाण्यांचे आवाज एकमेकांशी ताडून बघतं. झालं होतं असं की कुठल्या तरी बाब्यानं तो दोनशेचा संच घेतला, आईचं गुणगुणणं उचललं, दुप्पट वेगानं पळवून बारीक केलं आणि त्यावर नाचायचं गाणं बसवलं. ते गाणं इतकं चाललं की विचारू नका. मी स्वतः औषधाच्या दुकानात ऐकलं. हातात गोळ्यांची पट्टी, आणि वर छताच्या स्पीकरमधून माझी मेलेली आई उंदरासारखी चिरचिरतेय. मी दुकानदाराला म्हटलं, बंद करा ते. तो म्हणाला, ‘काकू, सध्या हेच चालतं.’

तर त्या बाब्याचं गाणं विकणाऱ्या मालकांनी मूळ आवाजासकट सगळं आपलं म्हणून आधी नोंदवून टाकलं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर बायजीच मालकीण! यंत्रानं ताडून बघितलं आणि निकाल दिला की ठोक्याच्या तीन गाण्यांतला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे. तीन म्हणजे तीन गुन्हे. तीन गुन्हे झाले की त्या माणसाचं खातंच बंद. अल्बमच नव्हे, व्यायामशाळेपासून अभ्र्यापर्यंत सोळा वर्षांचं सगळं पुसलं जाणार. मुदत दहा दिवस. त्यात एकच वाट होती. ज्यातून तो आवाज कापला ते मूळ रेकॉर्डिंग न कापता, अथपासून इतिपर्यंत पाठवा, मग माणूस बसून ऐकेल.

मी म्हटलं, ‘मग पाठव की.’

ठोक्या म्हणाला, ‘राहू दे, ताई.’

‘राहू दे म्हणजे? हरवलंय का?’

‘हरवलं नाही. पण राहू दे. जाईल ते जाऊ दे.’

जाऊ दे! मी त्याच्या अंगावर ओरडले. सोळा वर्षं एका खोलीत गाद्यांच्या भिंती बघत काढलीस आणि आता शेपूट घालतोस? आईला उंदीर केलं त्यांनी, आणि चोर तू? चोराच्या उलट्या बोंबा ऐकून गप्प बसणारा असा कसा रे तू बुळा? तो खाली बघत हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला.

मग मीच त्या कंपनीला ई-मेलनं पत्रं लिहिली. आठ दिवसांत सहा. प्रत्येकाला अर्ध्या मिनिटात उत्तर: ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो.’ अरे मेल्या, तू यंत्र, तू माझ्या भावना काय समजणार! चौथ्या पत्रात मी आईच्या मृत्यूचा दाखला जोडला. त्यालाही अर्ध्या मिनिटात तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

नवव्या दिवशी रविवार होता. दुपारी मी त्याच्या खोलीवर गेले, पुन्हा भांडायलाच. तो मला बघून म्हणाला, ‘चहा आणतो’, आणि खाली सटकला. मी त्याच्या खुर्चीत बसले. आईच्या सगळ्या रेकॉर्डिंगची एक पेटी स्क्रीनवर मला ठाऊक होती, त्यानंच कधीतरी दाखवली होती. ती उघडली. पायपट्टी एक, पायपट्टी दोन, कात्री, खण, डबा. आणि सगळ्यात खाली एक होतं, अकरा मिनिटांचं. नाव दिलं होतं ‘पुसायचं’.

मी ते लावलं.

आधी मशीन. अभ्रा चाललाय, कोपरा आला, पाय सैल, परत सुरू. ठोक्या काहीतरी विचारतो, आई तोंड मिटून ‘हूं’ म्हणते. मग दार उघडतं. माझ्या चपला ओळखू आल्या. दिवसपाळीवरून आलेली मी.

‘सुरू झालं का इथेही?’ मी ओरडतेय. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. ‘दिवसभर मी यंत्रांत मरते आणि घरी हा ठोकतोय, आणि तू त्याला मशीन चालवून दाखवतेस! पोसतंय कोण तुम्हा दोघांना? माझं कॉलेज गेलं, माझं सगळं गेलं. बाबांच्या ऐवजी तू गेली असतीस ना, तर बरं झालं असतं!’

दार आपटलं.

त्या दिवशी दार आपटल्याचं मला आठवत होतं. एवढंच आठवत होतं. ते शेवटचं वाक्य मी बोलले होते, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यातून कसं गेलं देव जाणे. का मीच घालवलं.

रेकॉर्डिंग पुढे चालू होतं. मशीन थांबलं होतं. मग पायपट्टी हळूच हलली. अडखळली. पुन्हा हलली. आणि मग आई गुणगुणली. तेच सूर, वर जाऊन खाली येणारे. ज्यावर सगळं जग नाचलं ते हे. माझ्या तोंडून ते ऐकल्यावर तिनं स्वतःला सावरायला काढलेला आवाज.

मग टाचण्या पत्र्याच्या डबीत पडल्या. टण्, टण्, टण्. तोंड मोकळं झालं आणि आई बोलली, अगदी नेहमीसारखी.

‘चालू आहे का रे ते यंत्र? पुसून टाक हे. तिला पुढे कधी ऐकून वाईट वाटेल. आणि जा, आधी तिला जेवायला वाढ. रागावली की उपाशी राहते ती.’

ठोक्या म्हणतो, ‘तू जेव ना.’

‘मी जेवेन रे. तिचं बघ.’

मी मागे वळले तर तो दारात उभा, दोन्ही हातांत कप. किती वेळ उभा होता कोण जाणे.

‘म्हणून पाठवत नव्हतास?’

‘आईनं पुसायला सांगितलं होतं’, तो म्हणाला. ‘त्यात तिचा आवाज होता, माझ्यानं पुसवलं नाही. तेवढा कापून घेतला आणि बाकीचं कोणाला ऐकवायचं नाही असं ठरवलं.’

‘कापलेला तुकडा पाठव मग.’

‘तो तर त्या संचात सगळ्यांकडे आहे, ताई. त्यानं काहीच सिद्ध होत नाही. आधीचं आणि नंतरचं लागतं.’

आधी मी आणि नंतर ती. म्हणजे हा माणूस स्वतःची सोळा वर्षं पाण्यात घालायला निघाला होता, बहिणीचं एक वाक्य झाकायला. आणि मी नऊ दिवस त्याला बुळा म्हणत होते. मला इतका संताप आला की कोणाचा ते धड कळेना. ठोक्याचा आला, माझा आला, आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त आईचा आला. एक थोबाडीत द्यायचीस ना गं! ‘चालती हो’ म्हणायचंस! मी बोलले ते बोलले, आणि तू गाणं गुणगुणतेस? वर मला जेवायला वाढायला सांगतेस?

‘पाठव’, मी म्हटलं.

‘तिथली माणसं ऐकतील, ताई. सगळं ऐकतील.’

‘ऐकू देत. मी बोलताना लाजले नाही, आता कशाला लाजू? सरक तिकडे.’

त्यानं कप खाली ठेवले. बटण मीच दाबलं. जेमतेम दोन मिनिटांत अकराच्या अकरा मिनिटं पोचली.

बुधवारी उत्तर आलं. ह्या वेळी यंत्राचं नव्हतं, कारण अर्ध्या मिनिटात आलं नाही. रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं, आवाज तुमच्या आईचा आहे याबद्दल शंका नाही, तिन्ही तक्रारी मागे घेत आहोत. खाली त्या माणसानं स्वतःहून एक ओळ लिहिली होती: ‘कृपया हे तुमच्या बहिणीला सांगा की मी तो भाग कोणालाही ऐकवलेला नाही.’ मी ती ओळ वाचली आणि त्या अनोळखी माणसाचाही मला राग आला. जो तो मला सांभाळून घेतोय.

अल्बम परत वर चढला. उंदीरवाल्या बाब्याचं गाणंही अजून वाजतंच आहे. ते त्यानं रीतसर घेतलं होतं, त्याचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. औषधं मी आता दुसऱ्या दुकानातून आणते.

त्याच संध्याकाळी मी ठोक्याच्या खोलीवर गेले. म्हटलं, ‘ते परत लाव.’ त्यानं लावलं. माझ्या चपला वाजल्या तसा त्याचा हात आवाज कमी करायच्या बटणाकडे गेला. मी त्याच्या हातावर चापट मारली. ‘राहू दे’, म्हटलं. मी सगळं ऐकलं, माझं वाक्य, दार, पायपट्टी, गुणगुणणं, डबीत पडणाऱ्या टाचण्या. ‘रागावली की उपाशी राहते ती’ आलं आणि रेकॉर्डिंग संपलं. ठोक्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, स्पीकरकडेच बघून मोठ्यानं बोलले, कारण हळू बोलायला मला येत नाही.

‘जेवले होते गं मी त्या दिवशी. तूच करून ठेवलेलं जेवले, आणि चार दिवस तुझ्याशी बोलले नाही.’